माईक हातात आला, पुढं काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टीव्हीवरच्या निवेदकांच्या कामाबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि जाता जाता म्हटलं होतं की कुणाला काही विचारायचं असेल तर कळवा, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून एवढं काही आलंय की एका अंकात सगळं बसणार नाही. बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, चेहरा कसा लागतो? त्याचं उत्तर इथंच देऊन मोकळी होते: धुतलेला आणि झोप झालेला. बाकीचं खाली. नावं मुद्दाम छापली नाहीयेत, कारण काहींच्या घरी अजून माहीत नाहीये की आपलं लेकरू अँकर व्हायचं म्हणतंय.

प्रश्न: ताई, मी बीए सेकंड इयरला आहे, मराठी स्पेशल. मला न्यूज अँकरच व्हायचंय. एका इन्स्टिट्यूटमधून फोन आला होता, तीन महिन्यांचा कोर्स, शंभर टक्के जॉब, फी दीड लाख. पप्पा म्हणतात बीएड कर. मी काय करू? (एक विद्यार्थिनी, बाळीवेस, सोलापूर)

उत्तर: आधी त्या फोनचं बघू. चॅनेलवर कुणाला बसवायचं हे चॅनेलचा संपादक ठरवतो, कोर्सवाला नाही, त्यामुळं शंभर टक्के जॉब हे वाक्य ऐकलं की आपण शंभर टक्के सावध व्हायचं. तरी जायचंच असेल तर पैसे भरायच्या आधी चार गोष्टी तोंडावर विचार: मला एकटीला कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष किती तास मिळणार, टेलिप्रॉम्प्टर (समोर मजकूर दाखवणारा पडदा) आहे की नुसता फोटोतच आहे, शिकवणारा माणूस आत्ता कुठल्या न्यूजरूममध्ये काम करतो का, आणि मागच्या बॅचमधली कोण पोरं आज कुठल्या चॅनेलवर दिसतात. शेवटच्या प्रश्नाला "खूप आहेत मॅडम" असं उत्तर आलं की फोन ठेवून द्यायचा.

आता अँकर म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण तुझ्या पत्रातून वाटतं की तुला वाचन करणारी व्यक्ती डोळ्यासमोर आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हाच्या बातम्या म्हणजे दिवसातनं ठरलेल्या वेळी ठरलेल्या मिनिटांचं बातमीपत्र. भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांनी तिथं बातम्या वाचल्यात, प्रदीप भिडेंचा आवाज तर घराघरातल्या लोकांना पाठ होता. शुद्ध, ठाय, एक शब्द इकडचा तिकडं नाही. २००७ ला मराठीत चोवीस तास बातम्यांचे चॅनेल आले आणि कामच बदललं, कारण चोवीस तास कुणी लिहून देऊ शकत नाही. अँकरला आता वाचावं लागतं कमी आणि बोलावं लागतं जास्त.

उदाहरण देते. समज पावसाळ्यात तू सकाळच्या शिफ्टला आहेस, सहाचं बुलेटिन असेल तर चारच्या आत ऑफिसात, रनडाऊन (बातम्यांचा क्रम) बघायचा, डेस्कनं, म्हणजे बातम्या लिहिणाऱ्या टीमनं, लिहिलेली कॉपी स्वतःच्या तोंडाला बसेल अशी फिरवून घ्यायची, मेकअप, कॉलरला माईक, कानात इअरपीस. आणि सहा वाजून दहा मिनिटांनी बातमी येते की उजनीतून भीमेत पाणी सोडलंय, पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातली मंदिरं पाण्याखाली जायला लागलीत. प्रॉम्प्टरवर काहीच नाही. पडद्यावर फक्त पाण्याची व्हिज्युअल्स फिरतायत. रिपोर्टरचा फोन लागेना. पीसीआरमधनं, म्हणजे कंट्रोल रूममधनं, प्रोड्युसर कानात म्हणतोय "खेच, खेच, दोन मिनिटं खेच". आता जिला माहितीये की पंढरपूरला नुसतं उजनीचं पाणी येत नाही, वरनं वीर धरणाचं पाणी नीरेतून येऊन नरसिंगपूरला भीमेला मिळतं, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, घाटाकडच्या वस्तीला आधी हलवावं लागतं, ती दोन काय दहा मिनिटं बोलेल. जिला माहीत नाही ती "आपण बघू शकता, पाणीच पाणी" हे सात वेळा म्हणेल. तू टीव्हीवर ऐकलं असशीलच.

म्हणून माझा सल्ला असा की अँकरिंगचा कोर्स शोधण्यापेक्षा पत्रकारितेचा शोध. आपल्या सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात मास कम्युनिकेशन विभाग आहे, घरचं खाऊन शिकता येतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, फर्ग्युसन रोडला. अमरावतीला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र आहे, तिथं मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे आणि तो फार कमी पोरांना माहीत असतो, प्रवेशाची जाहिरात वेळच्या वेळी बघत जा. मराठी स्पेशल घेतलंयस ते उत्तमच केलंस, न्यूजरूममध्ये ज्याला नीट मराठी लिहिता येतं त्याला आजही मान आहे, फक्त त्या जोडीला एखादं रोजचं वर्तमानपत्र अग्रलेखासकट आणि जिल्ह्याच्या पानासकट वाचत जा.

आणि पप्पांशी भांडू नकोस. त्यांना म्हणावं बीए झाल्यावर एक वर्ष द्या, तोवर इथंच रेडिओवर, लोकल केबलवर काय जमतं ते बघते, नाहीच जमलं तर बीएड कुठं पळून चाललंय.

प्रश्न: अक्का, मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलतो, शिक्षण मराठीतनं झालं. बोलायला भीती नाही पण कॉलेजच्या ग्रुपमध्ये माझा व्हिडिओ टाकला तर पोरं हसली, "काय करायलास बे" म्हणून कॉमेंट टाकली. असल्या बोलीनं टीव्हीवर कुणी घेईल का? (एक वाचक, अशोक चौक)

उत्तर: हसणाऱ्यातली निम्मी पोरं स्वतः तसंच बोलत असतील बघ. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एकाच चहाच्या गाडीवर ऐकू येतं, त्यात कुणी कुणाला हसायचं.

आता कामाचं. दोन गोष्टी वेगळ्या कर. एक बोली, दुसरा उच्चार. "करायलोय", "येऊ लागलाय", "चल की" ही बोली झाली, बातम्यांच्या बुलेटिनला ती चालत नाही, तिथं प्रमाण मराठीच लागते, ती सवयीनं येते आणि तुझं शिक्षण मराठीतनं झालंय म्हणजे ती तुला येतेच आहे. पण बुलेटिन सोडून बाकी ठिकाणी बोली हा दोष नाहीच. कोण होणार करोडपतीचं २०१९ चं पर्व सोनी मराठीवर कुणी केलं, आठवतंय ना? नागराज मंजुळेंनी. आपल्या जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस, हॉटसीटच्या समोर बसून जेऊरला बोलावं तसंच बोलत होता आणि समोरचा स्पर्धक मोकळा होत होता.

उच्चाराचं मात्र घासून करावं लागतं. मराठीत च, ज, झ दोन-दोन प्रकारचे. चाक, चूल, जावई, झाड एका जातीचे. चार, चहा, जीव दुसऱ्या जातीचे. गंमत म्हणजे तेलुगूतही हे दोन्ही च आहेत, आणि ण, ळ पण आहेत, म्हणजे तुझ्या जिभेला यातलं काहीच नवीन नाही, फक्त कुठल्या शब्दाला कुठला हे कानानं पकडायचंय. रोज वर्तमानपत्राचा एक कॉलम मोठ्यानं वाच, फोनवर रेकॉर्ड कर आणि (हे कुणी करत नाही) लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐक. लगेच ऐकलं की आपल्याला आपलं बरोबरच वाटतं.

एक गोष्ट अशीय की ज्यात तू पुण्या-मुंबईच्या अँकरच्या पुढं आहेस. मंद्रूप, वळसंग, नान्नज, मैंदर्गी, नागणसूर, ही नावं त्यांच्या तोंडी पडली की ऐकवत नाही, पूर्व भागातल्या आडनावांचं तर विचारूच नको. तुला ती झोपेत पण नीट म्हणता येतील. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, अपघाताच्या बातमीत, माणसाचं आणि गावाचं नाव बरोबर उच्चारणं हे साधं काम नाही, ज्यांच्या घरची बातमी आहे ते ऐकत असतात.

प्रश्न: नमस्कार. मी ज्युनियर कॉलेजला शिक्षक, वय ३४. गेली अनेक वर्षं गणेशोत्सव, सत्कार, पुस्तक प्रकाशन, लग्नाची रिसेप्शनं, हुतात्मा स्मृती मंदिरातले कार्यक्रम असं सगळं सूत्रसंचालन करतो. लोक म्हणतात तुम्ही टीव्हीवर पाहिजे. खरंच पाहिजे का? (एक सूत्रसंचालक, जुळे सोलापूर)

उत्तर: लोक म्हणतात ते प्रेमानं म्हणतात, पण तुम्ही प्रश्न प्रामाणिकपणे विचारलाय म्हणून सरळच सांगते. स्टेजवर तुम्ही हजार लोकांशी बोलता, कॅमेऱ्यात एका माणसाशी, आणि तो तुमच्यापासून हातभर अंतरावर बसलेला असतो. स्टेजचा चढा सूर, "जोरदार टाळ्यांनी स्वागत करूया", दर दोन वाक्यांमागं एक शेर, हे सगळं टीव्हीवर ओरडल्यासारखं वाटतं. हातवारे अर्धे करा, सूर पाऊण करा, शेर पूर्ण बंद करा. (शेर बंद करा हे स्टेजवाल्यांनापण सांगायची माझी फार इच्छा आहे पण ते ऐकणार नाहीत.) आणि नजर. स्टेजवर ती सगळीकडं फिरते, कॅमेऱ्यात लेन्सवरनं हलली की माणूस चोरटा दिसतो.

पण तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी स्टुडिओतल्या पोरांकडं नसते, ती म्हणजे वेळ मारून नेणं. पाहुणे दीड तास उशिरा येतात आणि तुम्ही सभागृह धरून ठेवता. याचा उपयोग लाइव्हला होतो. आपल्याकडं याची सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. लोकल चॅनेल अक्षता सोहळा लाइव्ह दाखवतात. तो जिथं होतो त्या संमती कट्ट्याजवळ उभं राहायचं, समोर पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) अजून वाटेत, कधी येतील सांगता येत नाही आणि कॅमेरा तर चालूच आहे. अशा वेळी ज्यानं तयारी केलीय तो सात नंदीध्वज सांगेल, त्यांचा मान कुणाकुणाकडं ते सांगेल, आदल्या दिवशीचा ६८ लिंगांचा तैलाभिषेक सांगेल, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह ही मूळ कथा सांगेल, उद्याचा होम, नंतरचं दारूकाम सांगेल, मधेच कुणा म्हाताऱ्या आजीला विचारेल की किती वर्षं येताय. आणि संमती वाचन सुरू झालं की गप्प बसेल. पूर्ण गप्प. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" चालू असताना त्यावर बोलणारा निवेदक मी पाहिलाय, घरी बसून बघणारी माणसं त्याला काय म्हणत होती ते इथं छापता येणार नाही. स्टेजवाल्याला गप्प बसणं सगळ्यात जड जातं, चित्र बोलत असेल तर आपण बोलायचं नसतं हे टीव्हीचं पहिलं व्याकरण आहे.

आणखी एक बारीकशी गोष्ट, त्या दिवशी पांढरा शर्ट घालू नका, सगळं मैदान पांढरं, त्यात तुमचा पांढरा शर्ट, कॅमेरामन उजेड जुळवता जुळवता वैतागतो आणि शेवटी तुमचा चेहरा काळा पडतो.

तर टीव्हीवर पाहिजे का? न्यूज चॅनेलचा पूर्णवेळ अँकर म्हणून आता नोकरी सोडून जाऊ नका असंच म्हणेन. पण लोकल चॅनेलवर मुलाखती, सणावाराचं लाइव्ह, आणि आकाशवाणी सोलापूर. आकाशवाणीला नैमित्तिक निवेदक लागतात, जाहिरात निघते, लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते, निवड झाली की त्यांचं "वाणी" नावाचं प्रशिक्षण असतं. महिन्यातनं मोजक्याच ड्युट्या, मानधन ड्युटीवर, त्यामुळं शिक्षकी सांभाळून करणारे बरेच आहेत, कॉलेजची परवानगी मात्र लेखी घ्या. माईकसमोर एकट्यानं बसून एका माणसाशी बोलायची सवय जेवढी रेडिओ लावतो तेवढी दुसरं काहीच लावत नाही.

प्रश्न: शोरील, म्हणजे कामाचे नमुने दाखवणारा व्हिडिओ, मोबाईलवर केलं तर चालतं का? कपडे कुठले? किती मिनिटांचं? (दोघी मैत्रिणी, विजापूर रोड)

उत्तर: चालतं. दोन मिनिटं, फार तर अडीच. बघणारा पहिल्या पंधरा सेकंदात ठरवतो, म्हणून सुरुवातीला नाव-गाव-छंद नको, म्युझिक नको, फिरणारी नावं नकोत, सरळ बातमीनं सुरू करा. तीन तुकडे पुरतात: एक वाचलेली बातमी, एक बाहेर उभं राहून कॅमेऱ्याकडं बघत केलेलं पीटूसी, आणि एक कुणाशी तरी बोलतानाचं, ज्यात तुम्ही ऐकताना दिसता. तिसरा तुकडा लोक टाकत नाहीत आणि खरं तर तोच बघायचा असतो, कारण प्रश्न विचारून झाल्यावर समोरचा बोलत असताना जी पुढच्या प्रश्नाचा कागद बघते तिला मुलाखत घेता येत नाही हे लगेच कळतं.

पीटूसी कुठं कराल? सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहून "सोलापूर ही ऐतिहासिक नगरी" हे प्लीज करू नका. तुमच्या भागात पाणी किती दिवसांनी येतं ते सांगा, सोलापूरकराला त्यावर बोलायला स्क्रिप्ट लागत नाही. भरलेल्या पिंपांच्या रांगेसमोर उभं राहून चाळीस सेकंदात सांगितलंत तर तुम्ही रिपोर्टर आहात हे न सांगता कळेल.

मोबाईल आडवा धरा, स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला. खिडकीकडं तोंड करून बसा, खिडकी पाठीमागं नको. कॉलरचा साधा वायरवाला माईक घ्या, आवाज खराब असेल तर चित्र कितीही चांगलं असो, पुढं कुणी बघत नाही. ब्युटी फिल्टर अजिबात नको, ऑडिशनला प्रत्यक्ष गेल्यावर वेगळंच कुणीतरी आलंय असं वाटतं.

कपड्यांचं म्हणाल तर आपल्याकडं मुली हौसेनं इरकल नेसतात, दिसते पण छान, पण बारीक रेघांची किंवा बारीक चौकड्यांची इरकल कॅमेऱ्यात पाण्यासारखी हलायला लागते, डोळ्याला त्रास होतो. मोठ्या काठाची, अंगात सपाट रंगाची निवडा. हिरवं नको, कारण स्टुडिओत मागं हिरवा पडदा असतो आणि कॉम्प्युटर हिरव्या रंगाच्या जागी चित्र बसवतो, मग तुमच्या पदरावर पण महाराष्ट्राचा नकाशा दिसायला लागतो. बांगड्या काढून ठेवा, माईकला खणखण जाते.

प्रश्न: माझी मुलगी टीव्हीत जायचं म्हणते. मी शेतकरी माणूस, मला त्यातलं कळत नाही. पैसे मिळतात का, रात्रीअपरात्री काम असतं का, आणि सुरक्षित आहे का, एवढं सांगा. (एक वडील, बार्शी तालुका)

उत्तर: काका, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, बरेच वडील सरळ नाही म्हणून मोकळे होतात.

पैसे सुरुवातीला कमी. टीव्हीवर दिसते म्हणजे खूप मिळत असतील असं गावात वाटतं, तसं नसतं, मुंबईत एका खोलीत तीन-चार मुली मिळून राहतात आणि महिनाअखेरीस घरनं मागवावे लागतात अशी पहिली काही वर्षं जातात. जिल्ह्यात राहून स्ट्रिंगर म्हणून काम केलं तर बातमीमागं पैसे, बातमी लागली नाही तर पेट्रोल पण अंगावर. नाव झाल्यावर चांगले मिळतात, पण ते सगळ्यांचं होत नाही. म्हणून तिला लिहायला, एडिटिंग करायला पण शिकू द्या, नुसतं पडद्यावर दिसण्यावर अवलंबून राहिलं की चेहरा बदलायची लाट आली की नोकरी जाते, डेस्कचं काम येणारी मुलगी टिकते.

रात्रीचं काम असतं, खोटं कशाला सांगू. पहाटेची शिफ्ट असते, रात्रीची असते, निवडणुकीत तर वेळच नसते. पण कायदे आहेत आणि ते तुम्हाला माहीत पाहिजेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची, जाण्यायेण्याची सोय करावी लागते. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नोकरी लागली की मुलीला पहिल्या आठवड्यात विचारायला सांगा, समितीवर कोण आहे आणि रात्रीची गाडी दारापर्यंत सोडते का. विचारलं म्हणून कुणी काढत नाही, आणि काढलंच तर ती जागा सोडलेलीच बरी.

ऑडिशनला कुणी पैसे मागितले, "रजिस्ट्रेशन", "पोर्टफोलिओ", "कोऑर्डिनेटरची फी", काहीही नाव असू दे, तिथं द्यायचे नाहीत. ऑडिशन चॅनेलच्या ऑफिसात किंवा स्टुडिओत दिवसा होते, हॉटेलच्या खोलीत होत नाही. पहिल्या वेळी तुम्ही सोबत जा, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालात तर सकाळी मुंबईत, काम झालं की परत. आणि नेमणूक पत्र हातात आल्याशिवाय खोलीचं डिपॉझिट भरू नका.

प्रश्न: लाइव्हला चूक झाली तर? मी विचार करूनच घाबरते. (मोहोळ)

उत्तर: चूक दुरुस्त करायची आणि पुढं जायचं. "क्षमा करा, आकडा बारा नाही एकवीस आहे", संपलं. हसायचं नाही, जीभ चावायची नाही, तीनदा माफी मागायची नाही. आकडा आणि नाव चुकलं तर दुरुस्ती केलीच पाहिजे, एखादी वेलांटी चुकली तर सोडून द्यायची, ती फक्त तुझ्या मराठीच्या बाईंनाच कळलेली असते.

खरी भीती असते कानातल्या आवाजाची. आपण बोलत असताना कुणीतरी कानात बोलत राहतं आणि दोन्ही सांभाळायचं. याचा सराव घरी होतो. तू एक बातमी मोठ्यानं वाच आणि त्याच वेळी भावाला फोनवरनं तुझ्या कानात काहीही बोलायला सांग, भाजीचे भाव, क्रिकेटचा स्कोअर, मधेच "दहा सेकंद" म्हणायला सांग, आणि बरोबर दहा सेकंदात वाक्य नीट पूर्ण करून थांब. पहिले काही दिवस तू त्याच्यावर ओरडशील, मग जमेल.

प्रश्न: आम्ही तिघांनी मिळून तालुक्याचा यूट्यूब न्यूज चॅनेल काढलाय, मी अँकरिंग करतो, व्ह्यूज चांगले येतात. आता पुढं मोठ्या चॅनेलला जाताना हा अनुभव धरतात का? (एक वाचक, अक्कलकोट तालुका)

उत्तर: धरतात, पण उलटा पण धरतात. म्हणजे तुमचं जुनं सगळं तिथं पडलेलंच असतं आणि मुलाखतीच्या आधी कुणीतरी ते बघतंच. तुम्ही पाठवलेल्या दोन लिंक मी बघितल्या, आवाज छान, आत्मविश्वास पण आहे. पण एका व्हिडिओत अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीत तुम्ही तिचं नाव घेतलं नाही म्हणून तुम्हाला वाटलं आपण बरोबर केलं, आणि गावाचं नाव, शाळेचं नाव, वडील काय करतात ते सगळं सांगितलंत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार ओळख पटेल असं काहीच सांगता येत नाही, नाव, पत्ता, फोटो, घरचे, शाळा, परिसर, काहीच नाही. मोठ्या बाईच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. यूट्यूबवर आहे म्हणून सूट नाही. हा अंक हातात पडायची वाट बघू नका म्हणून मी तुम्हाला मेल पण केलाय, तो व्हिडिओ काढून टाका.

बाकी, "धक्कादायक" हा शब्द एका बुलेटिनमध्ये एकदाच वापरायचा असं ठरवून बघा. आणि पोलिसांनी पकडलेला माणूस संशयित असतो, आरोपी असतो, कोर्टानं ठरवेपर्यंत गुन्हेगार नसतो. हे ज्याला कळतं तो मोठ्या चॅनेलच्या डेस्कला लगेच आवडतो, कारण त्याच्यामागं वकिलाची नोटीस येत नाही.

प्रश्न: कार्यक्रम झाल्यावर आयोजक मानधनाऐवजी शाल आणि नारळ देतात. काय करावं? (नाव नको)

उत्तर: निम्मे पैसे आधी घ्यायचे, बाकीचे माईक हातात घ्यायच्या आधी. रक्कम, वेळ आणि किती तास ते व्हॉट्सॲपवर लिहून "ओके" मागवून घ्यायचं. चॅनेलच्या कामाला पण हेच, एपिसोडचे किती, पैसे किती दिवसांनी, टीडीएस कापणार का, प्रोमोसाठी वेगळा दिवस लागला तर त्याचे किती. शाल नाकारू नका, सोलापुरात थंडी कमी असली तरी पाहुण्यांना द्यायला उपयोगी पडते.